दोल्नी व्येस्तोनित्से: मूर्ती ब्रनोत, मग गावात जाऊन बघायचं काय?

वाटसरू_नाशिककर

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सध्या मुक्काम चेक प्रजासत्ताकात, ब्रनो शहरात. मे महिन्यात आई-बाबा येताहेत. बाबांनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. व्हिसा हातात पडल्यावर त्यांनी प्रागचंही नाव घेतलं नाही, व्हिएन्नाचंही नाही. म्हणाले, "मला ते दोल्नी व्येस्तोनित्से दाखव."

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रनोच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळ जेमतेम तीनशे वस्तीचं हे गाव. पाठीशी पालावाच्या टेकड्या, पायाशी दीये नदी अडवून केलेल्या नोवे म्लीनीच्या जलाशयाचं पाणी. १३ जुलै १९२५ रोजी कारेल आब्सोलोन यांच्या उत्खननात इथे राखेच्या थरात भाजलेल्या मातीची एक स्त्रीमूर्ती दोन तुकड्यांत सापडली. तीच ‘व्येस्तोनित्सेची व्हीनस’. उंची ११.१ सेंटिमीटर, वय साधारण २९ हजार वर्षं. माणसाने माती भाजून घडवलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू जगाला माहीत आहेत, त्यांतली ही एक.

ऑफिसातले चेक सहकारी म्हणतात, "मूर्ती ब्रनोच्या मोराव्हियन संग्रहालयाकडे आहे, मूळ तर क्वचितच बाहेर काढतात. गाव दहा मिनिटांत बघून होतं. त्यापेक्षा जवळच्या मिकुलोव शहरातला राजवाडा दाखव." मला हे पटत नाही. जिथे वस्तू घडली ती जागा वस्तूइतकीच बघण्यासारखी असते असं माझं ठाम मत आहे. तुमच्यापैकी कुणी गेलंय का? अख्खा दिवस द्यावा का?

द्राक्षवेल

दहा मिनिटं म्हणणाऱ्याने गावातलं एकही तळघर पाहिलेलं नाही. :)

टेकड्यांच्या उतारावर द्राक्षमळे आणि खाली वाइनची तळघरं. टेकड्यांचंच नाव दिलेली ‘पालावा’ ही द्राक्षाची जात नक्की चाखा. योसेफ व्हेव्हेर्का यांनी त्रामिनर आणि म्युलर थुर्गाऊ यांच्या संकरातून ती तयार केली, १९७७ मध्ये तिची अधिकृत नोंद झाली. गुलाबासारखा वास आणि किंचित गोडवा. आई-बाबा घेत नसतील तर नुसता वास घ्यायला सांगा.

भूस्तर

धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. आणि तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी गाव बरोबर निवडलंय.

आधी टेकड्यांबद्दल. सपाट शेतांतून जाताना समोर एकदम पांढुरक्या कड्यांची रांग उभी राहते, ती पालावा. सर्वांत उंच शिखर द्येविन, सुमारे ५५० मीटर. आकडा लहान वाटतो, पण भोवतालचा प्रदेश इतका सखल आहे की रांग कितीतरी लांबून ओळखू येते. हा जुरासिक काळातला, समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. कार्पेथियन पर्वत वर येताना त्या रेट्याने मूळ जागेवरून उखडला आणि नव्या थरांवर ढकलला गेला. म्हणजे वय जास्त असलेला खडक वर आणि त्याच्यानंतरचा खाली. बाबांना हे तिथे उभं राहून बघायला मजा येईल.

पण या गावाचा खरा नायक खडक नाही, माती आहे. हिमयुगात उत्तर युरोपवर बर्फाची प्रचंड चादर होती, दक्षिणेला आल्प्सच्या हिमनद्या. मधला पट्टा उघडा, कोरडा, गवताळ. तिथून वाऱ्याने उडवलेली बारीक पिवळट धूळ या टेकड्यांच्या कुशीत थरावर थर साचत गेली. ही लोएस माती. गावाजवळच्या जुन्या वीटभट्टीच्या खाणीत तिचा उभा कापलेला दरडीसारखा भाग राखून ठेवलाय, त्याला चेक लोक ‘युगांची दिनदर्शिका’ म्हणतात. फिकट पिवळा पट्टा म्हणजे थंड, कोरडा काळ. मध्येच गडद तपकिरी पट्टा दिसतो तो उबदार काळातल्या जमिनीचा. शाळेत फळ्यावर खडूने काढतो ती आकृती इथे निसर्गाने काढून ठेवलीय.

याच मातीने हाडं झाकून ठेवली, राखेच्या जागा झाकून ठेवल्या. लोएसमध्ये चुना असतो, म्हणून हाडं आम्लाने विरून गेली नाहीत. आणि मूर्ती घडली तीही याच मातीची. ही माती हाताला लागली नाही तर बाकी सगळं अर्धवट कळतं.

शिकाऱ्यांनी हीच जागा का धरली, तेही वर चढलं की कळतं. डॅन्यूबचं खोरं आणि पोलंडची मैदानं यांना जोडणारी वाट मोराव्हियातून, म्हणजे याच प्रदेशातून जाते. कळपांची ये-जा याच वाटेने. उतारावर तळ ठोकला की खालचं अख्खं खोरं नजरेत. मॅमथच्या हाडांचे ढीग इथे सापडले ते उगाच नाही.

काठावरचा

भूस्तर, त्या ढिगांवरून सगळे मॅमथ शिकार करून मारले असं ठरत नाही हं. काही आपोआप मेलेल्या जनावरांची हाडं गोळा करून आणलेली असू शकतात. तज्ज्ञांत दोन्ही मतं आहेत.

भूस्तर

खरंय, म्हणून मी ‘ढीग सापडले’ एवढंच लिहिलं.

शर्वरी_मातीकाम

मी स्टुडिओ पॉटरी करते, त्यामुळे इथे न बोलता राहवणार नाही.

व्हीनस जास्त प्रसिद्ध झाली, पण या परिसरात भाजलेल्या मातीचे हजारो तुकडे सापडलेत. नुसत्या गोळ्या, चिमटे काढलेले लपके आणि प्राणी: सिंह, अस्वल, मॅमथ, गेंडा. बहुतेक सगळे फुटलेले. १९५१ मध्ये बोहुस्लाव क्लीमा यांना उतारावर जरा बाजूला एका झोपडीची जागा मिळाली. तिच्यात भट्टीसारखी चूल होती आणि आसपास हे तुकडे.

आता भट्टीचं सांगते. मातीची वस्तू पूर्ण वाळली नसेल आणि तशीच आचेत घातली तर आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला बघतं. वाट मिळाली नाही की वस्तू फुटते. साधा आवाज नसतो तो, बंद भट्टीतून ‘फट्ट’ असा येतो आणि शेजारच्या भांड्यांवरही कपचे उडालेले असतात. अशी फूट आणि पडून झालेली फूट, दोन्हींच्या कडा वेगळ्या दिसतात. १९८९ मध्ये पामेला व्हँडिव्हर आणि सहकाऱ्यांनी या तुकड्यांचा अभ्यास छापला. त्यांचं म्हणणं असं की पुष्कळ तुकडे आचेत फुटलेले आहेत. आणि इथली लोएस तर सहजी तडकत नाही, ती मातीकामाला चांगली निभावते. मग इतक्या वस्तू फुटल्या कशा? बहुधा ओल्याच आगीत टाकल्या, मुद्दाम. वस्तू घडवून जपायची नव्हती, आगीत फुटताना बघायची होती.

मला हे वाचल्यापासून ती माणसं फार जवळची वाटायला लागली आहेत. माती आगीत काय करते हे त्यांनी डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून शिकून घेतलं होतं. भाजणी साधारण ५०० ते ८०० अंशांची. उघड्या शेकोटीत एवढी आच मिळते, पण धरून ठेवायला कसब लागतं.

अजून एक. त्यांना माती भाजता येत होती, तरी भांडी केली नाहीत. आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी भांडी चीनमधल्या श्येनरेनतुंग गुहेतली, साधारण २० हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे मूर्ती आधी आली, भांडं कितीतरी नंतर.

तर्कटपंची

शर्वरीताई, प्रतिसाद आवडला, पण ‘मुद्दाम फोडल्या’ हे मला मान्य नाही. कुठल्याही कुंभाराच्या भट्टीमागे फुटक्या मालाचा ढीग असतोच. चांगल्या निघालेल्या वस्तू लोक बरोबर घेऊन गेले, फुटलेल्या जागेवर राहिल्या. आपल्याला राहिलेल्याच सापडणार. त्यावरून विधी होता, सोहळा होता असं कसं म्हणायचं?

तीच गत ‘देवी’ची. मोठे स्तन, रुंद नितंब दिसले की लगेच मातृदेवता. तिच्या डोक्यावर चार खाचा आहेत, त्यांत पानं-फुलं खोचत होते का पिसं, की आणखी काही, कुणालाच माहीत नाही. डोळ्यांच्या जागी दोन तिरप्या रेघा, बाकी चेहरा नाही. इतकं कमी हाताशी असताना तिला देव्हाऱ्यात बसवू नये.

शर्वरी_मातीकाम

तर्कटपंची, देवी मी म्हटलेलंच नाही. :) फुटक्या मालाचा मुद्दा चांगला आहे, पण कुंभाराच्या ढिगात चांगल्यापैकी सुबक पण जरासा तडा गेलेला माल पुष्कळ असतो. इथे प्राण्यांची डोकी, पाय, धडं वेगवेगळी. साबूत फारच कमी. आणि साधी गोष्ट, वाळवून भाजली की फुटत नाही हे एक-दोन मोसमांत कुणालाही कळेल. या लोकांनी पिढ्यान् पिढ्या हे काम केलं. कळूनही ओलं टाकत असतील तर कारण हवं.

तर्कटपंची

ठीक, ‘कारण हवं’ इथपर्यंत येतो. पुढे नाही.

मुक्ता_सातारा

तिच्या अंगावर लहान मुलाचा बोटाचा ठसा आहे ना? कुठेतरी वाचलं होतं.

शर्वरी_मातीकाम

हो. २००४ मध्ये ब्रनोत तिचं टोमोग्राफी यंत्रात स्कॅनिंग झालं, तेव्हाच्या तपासणीतली गोष्ट. माती ओली असतानाचा ठसा आहे, आणि वय सात ते पंधराच्या दरम्यानच्या मुलाचं असावं असा अंदाज. मूर्ती त्यानेच घडवली असं नाही, पण भाजायच्या आधी हातात नक्की घेतली होती. आमच्या वर्गात मुलं येतात त्यांना ‘ओल्याला हात लावू नका’ हे रोज सांगावं लागतं.

ब्रनोची_सून

बराच वेळ नुसती वाचत होते. नवरा चेक, सासर याच भागातलं, त्यामुळे गावात कैकदा जाणं झालंय. सगळे २९ हजार वर्षांवर बोलताहेत, मला शंभर वर्षांचं बोलायचंय.

आब्सोलोन खणत होते तेव्हा गावात चेकपेक्षा जर्मन बोलणारी माणसं कितीतरी जास्त होती. गावाचं जर्मन नाव उंटरविस्टरनित्झ. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हा सगळा पट्टा जर्मनीला जोडला गेला. युद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये इथल्या जर्मन कुटुंबांना हाकलून देण्यात आलं आणि घरांत दुसरीकडून आणलेली माणसं राहायला आली. माझ्या सासूबाईंचे आईवडील अशाच घरात आले होते, शेजारच्या गावात. सासूबाई सांगतात, तळघरात आधीच्या लोकांची पिंपं तशीच होती, द्राक्षाच्या वेलीही त्यांनीच लावलेल्या. वेली कशा छाटायच्या हे घरात कुणालाच येत नव्हतं. जे तिथे पिढ्यान् पिढ्या राबले त्यांना कुणी विचारायला ठेवलंच नव्हतं.

१९४५ च्या एप्रिलमध्ये मिकुलोवचा राजवाडा जळाला. आब्सोलोन यांनी खणून काढलेल्या वस्तूंचा आणि नोंदींचा मोठा भाग सुरक्षित राहावा म्हणून तिथेच ठेवलेला होता. इतकी हजारो वर्षं मातीत टिकलेलं एका आगीत गेलं. मूर्ती त्यांत नव्हती, म्हणून ती वाचली.

गावात गेल्यावर चर्चच्या आवारात जरूर जा. सेंट मायकेलचं जुनं चर्च आहे. आणि गावातल्या छोट्या पुरातत्त्व प्रदर्शनात बाबांना तासभर सहज लागेल.

वाटसरू_नाशिककर

@ब्रनोची_सून, हे इतक्या जवळून कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

पाणवठा

त्या पाण्याखालीही एक गाव आहे, ते राहिलं. मुशोव. पूर रोखायला आणि शेतीला पाणी द्यायला १९७० आणि ८० च्या दशकांत दीये नदीवर लागोपाठ तीन जलाशय झाले. मुशोव पाडलं. उरलं फक्त सेंट लिओनार्डचं चर्च, ते आता मधल्या जलाशयातल्या एका बेटावर एकटं उभं आहे. ब्रनोहून मिकुलोवला जाणारा हमरस्ता बांधावरून पाणी ओलांडतो, तिथून डावीकडे दिसतं.

पक्षी बघणाऱ्यांना मधला जलाशय म्हणजे पर्वणी. तो राखीव क्षेत्र आहे, बेटांवर पाणपक्षी घरटी करतात, हिवाळ्यात उत्तरेकडून हंसांचे थवेच्या थवे उतरतात.

काठावरचा

पक्ष्यांचं कौतुक मलाही आहे, पण तिथे आधी काय होतं तेही सांगा. दर वसंतात पुराचं पाणी पसरणारं नदीकाठचं जंगल आणि ओली कुरणं. असं पूरजंगल युरोपात आता फार थोडं शिल्लक आहे. ते तोडून तीन उथळ तळी केली. एक गाव गेलं, एक जंगल गेलं. पाणी सुंदर दिसतं म्हणून ते नुकसान पुसलं जात नाही.

पाणवठा

मान्य. मी बांध बांधल्याचं समर्थन करत नाही. पण आता आहे त्या पाण्यात जे जगतंय ते राखायला हवं, एवढंच.

इतिहासाचार्य_नव्हे

मुशोवबद्दल आणखी थोडं. पाण्याजवळच्या ह्रादिस्को टेकडीवर रोमन छावणी होती. मार्कस ऑरेलियसच्या काळात, इ.स. १६६ ते १८० दरम्यानच्या मार्कोमानी युद्धांत रोमन सैन्य डॅन्यूब ओलांडून इतक्या आत आलं होतं. दहाव्या लीजनचे (रोमन पलटणीचे) शिक्के असलेल्या विटा-कौलं सापडलीत. १९८८ मध्ये मुशोवलाच एका जर्मानिक सरदाराची श्रीमंत कबर मिळाली. तिच्यातल्या कांस्याच्या कढईला दाढीवाल्या पुरुषांची चार मुंडकी कड्यांपाशी जडवलेली आहेत, केसांची गाठ कानावर बांधलेली. ती मिकुलोवला आहे. म्हणजे सहकारी सांगतात तो राजवाडाही बघा, पण गाव सोडून नव्हे.

टेकडीवरचा पडका किल्ला द्येविचकी. तेराव्या शतकापासूनच्या नोंदी मिळतात, तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने त्याची वाट लावली.

मुक्ता_सातारा

अवांतर, पण तीन सांगाड्यांची ती कबर इथलीच का? एकमेकांना खेटून झोपवलेले?

भूस्तर

इथलीच. १९८६ मध्ये क्लीमा यांना मिळाली, बांधासाठी इथली माती काढायचं काम चालू असताना. तिघेही तरुण. मधल्याच्या पाठीत आणि पायांत जन्मजात व्यंग होतं. डावीकडच्याचे हात मधल्याच्या ओटीपोटावर, तिथेच लाल गेरू पसरलेला. वर्षानुवर्षं मधली बाई असावी असं धरून प्रेमाच्या त्रिकोणापासून बाळंतपणातल्या मृत्यूपर्यंत कथा रचल्या गेल्या. २०१६ मध्ये प्राचीन डीएनएचा अभ्यास छापून आला. तिघेही पुरुष.

मला भिडलेली त्याहून साधी गोष्ट. तो मधला मुलगा त्या हवामानात, सतत स्थलांतर करणाऱ्या टोळीत विशीच्या आसपास पोचला. कुणीतरी त्याला सांभाळलं असणार. आणि १९४९ मध्ये इथेच मिळालेल्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा चेहरा एका बाजूने वाकडा होता. तिच्यावर मॅमथच्या खांद्याची दोन रुंद हाडं ठेवलेली, अंगावर गेरू. याच तळावर हस्तिदंतात कोरलेलं एक बारीक डोकंही मिळालंय, त्याचाही चेहरा एका बाजूला वाकडा.

तर्कटपंची

म्हणजे ते तिचंच?

भूस्तर

तसं म्हणायचा मोह सगळ्यांना होतो. तुम्हीच सांगा, म्हणावं का? :)

तर्कटपंची

नाही म्हणणार. पण हे वाचून मीही व्हिसाचा फॉर्म उघडलाय.

वाटसरू_नाशिककर

इतकं सगळं वाचल्यावर अख्खा दिवस द्यायचा हे पक्कं. आता व्यवहाराचं बोलूया. बाबांचे गुडघे दुखतात. चढण झेपेल का? आईला उन्हाचा त्रास होतो.

ब्रनोची_सून

गावातून निघणारी लाल खुणांची पायवाट द्येविचकी, द्येविन करत क्लेंतनित्सेवरून मिकुलोवला उतरते. ती पूर्ण करायला दिवस आणि धड गुडघे दोन्ही लागतात. बाबांनी द्येविचकीपर्यंतसुद्धा जायचा हट्ट धरला तर काठी द्या आणि उतरताना घाई नको, चुनखडकावरचे खडे घसरतात.

त्यापेक्षा सकाळी गाव, प्रदर्शन, चर्च. मग शेजारच्या पावलोव गावाच्या दिशेने. ती वाट जवळजवळ सपाट आहे, एका हाताला मळे, दुसऱ्या हाताला पाणी. मूर्ती सापडली तिथे स्मारक आहे, थांबा. पावलोवचं पुरातत्त्व उद्यान २०१६ मध्ये उघडलं. जवळजवळ सगळं जमिनीखाली आहे, वर फक्त पांढऱ्या काँक्रीटचे टोकदार मनोरे दिसतात. आईंना उन्हातून तिथे आत गेल्यावर बरं वाटेल. मॅमथच्या हाडांचा ढीग जसा सापडला तसाच काचेपलीकडे राखलाय. १९६२ मध्ये तिथे मिळालेल्या सुळ्यावर कोरीव रेघा आहेत. काही अभ्यासक त्यात नदीची वळणं आणि टेकड्या बघतात, म्हणजे चक्क नकाशा.

वाटसरू_नाशिककर

नकाशा म्हटल्यावर बाबा तिथून हलणार नाहीत.

द्राक्षवेल

सप्टेंबरात आणता आलं तर बघा. नुकता आंबायला लागलेला रस, बुर्चाक, तेव्हाच मिळतो. गढूळ, गोड, जिभेवर फसफसणारा. झाकण घट्ट लावून पिशवीत टाकू नका मात्र, बाटली फुटते.

शर्वरी_मातीकाम

ओली मूर्ती आगीत आणि बुर्चाक बंद बाटलीत, दोन्ही फुटणारच. :D

पाणवठा

मे महिनाच बरा. पालावाच्या उतारांवरची खुजी आयरिस एप्रिलमध्ये फुलते, ती कदाचित हुकेल, पण गवताळ उतारांवर बाकी पुष्कळ रानफुलं असतात. पायवाट सोडू नका. १९७६ पासून संरक्षित क्षेत्र आहे आणि १९८६ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र. फुलं तोडणं, दगड उचलणं चालत नाही.

शर्वरी_मातीकाम

मग माती? मूठभर लोएस आणायला सांगणार होते, चाचणी भाजणीसाठी.

भूस्तर

दिनदर्शिकेच्या दरडीला आणि पुरातत्त्वाच्या हद्दीत अजिबात हात लावायचा नाही. तिथल्या एका मुठीतही कोळशाचा कण, हाडाचा कपचा असू शकतो. पण लोएस फक्त तिथेच आहे असं थोडंच आहे? दक्षिण मोराव्हियात शेतंच्या शेतं तिच्यावर आहेत. ब्रनोच्या आसपास कुणा ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून बांधावरची घ्या, तीच वाऱ्याने आलेली माती. विमानातून आणायचे नियम मात्र आधी बघा.

शर्वरी_मातीकाम

चालेल. वाटसरू, सासरच्या शेतातली मिळते का ते ब्रनोच्या सूनबाईंनाच विचारा. मला अर्धा किलो पुरे. अर्धी वाळवून भाजेन, अर्धी ओलीच टाकेन, आणि तुकड्यांचे फोटो इथेच लावते. तर्कटपंचींनी कडा बघून सांगावं.